खालची आळी

रविवारी दुपारी ताई, भाऊजी आणि मी जेवणाच्या टेबलावर एक गाव रचत होतो. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर खेळायच्या एका खेळासाठी ते हवं होतं. नियम एकच: प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक गोष्ट सांगायची, आणि ती शाईने नकाशावर उतरली की खरी.

मी टेकडी दिली. भाऊजींचे केस नकाशे काढण्यातच पिकलेले. त्यांनी झोकदार नदी काढली. नदीकाठी मी चाळीस घरांची आळी वसवली.

ताई नर्स आहे. तिला हे सगळं फारच गोडगोड वाटलं.

"यंदा नदीला पूर आला आणि खालची आळी बुडाली," ती म्हणाली. "एकही जीव वाचला नाही."

भाऊजींनी आळीवर निळी शाई फिरवली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. हलकी, अगदी खालून, लहान मुलाने मारावी तशी.

"कोण आहे?" ताईने विचारलं.

थापा वाढल्या. दोन हात, दहा हात, मग मोजता येईनात. दार थरथरायला लागलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि बाहेर रखरखीत ऊन होतं.

"अहो, खोडा ते!" ताई ओरडली.

"शाई आहे गं. कशी खोडू?"

थापा एकदम थांबल्या. ताई उठली आणि तिने कडीला हात घातला.

दारापलीकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "ताई, लेकीला तेवढं आत घ्या. पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय."