चित्रातली आजी

चित्रातली नवरी लईच गोड निघाली आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

“अगं बया, कसली नटलीय!” केसरबाई कागदावर ओणवी झाली. “पदराचे काठ बघा की!”

“काकू, हे वाईट दाखवायचंय,” मुबश्शिरा म्हणाली.

“मग जेवणावळ कावून काढलीस? बुंदी बी हाय पत्रावळीत!”

मुबश्शिरानं जेवणावळ खोडली, तर बायका जास्तच भडकल्या. बिनजेवणाचं लग्न? पोरीच्या बापाची पार अब्रू गेली की!

बिचारी मुबश्शिरा अंबाजोगाईहून एसटीनं आली होती. पोरींची लग्नं लहानपणी लावू नका, असं सांगणारं पोस्टर तिनं पेन्सिलीनं काढलं होतं. छापायच्या आधी ते शिरूरकडच्या बायकांना दाखवायचं आणि त्या म्हणतील तशी दुरुस्ती करायची, असं ठरलं होतं. वरच्या चित्रांत नववीतल्या पोरीचं लग्न आणि मग कडेवर लेकरू घेऊन ऊस तोडणारी तीच पोर. खालच्या चित्रांत आईबाप तेवढे उसाला निघालेत आणि पोर दप्तर घेऊन शाळेला चाललीय. समाजमंदिरात सतरंजीवर बसून बायका ती गोष्ट बघत होत्या.

साखराबाई मात्र बघायला नव्हे, पोस्टर मोडायलाच आली होती. तिची नात स्वप्नाली नववीत होती आणि आयतवारी पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. स्थळ साखराबाईनंच शोधलेलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येणार, लेक, सून आणि ती स्वतः टोळीसंगं पाच-सहा महिने उसाला जाणार. मग पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? पोर हुशार होती, हे काय तिला दिसत नव्हतं? दिसत होतं आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यात नेमकी याच आठवड्यात ही पोस्टरवाली टपकली. साखराबाईनं भिंतीला टेकलेल्या स्वप्नालीकडं एकदा डोळे वटारून बघितलं आणि शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं.

“हे दाराला काय लावलंस गं?”

“कुलूप, आजी. आईबाप उसाला गेलेत ना.”

“आन् पोरगी शाळंतून आली की? कुलपाला पाठ लावून बसती का? रातच्याला कोण हाय तिच्यासंगं? उंडगी पोरं दाराम्होरून गाड्या फिरवत्यात, ते काढलंस? खोटं हाय तुझं चित्र. पार खोटं!”

“हां, हे मातर खरं,” सगळ्या बायकांनी मान हलवली. मुबश्शिराचं तोंड एवढंसं झालं. मोडलं पोस्टर! साखराबाईनं पाय पसरले आणि चहाचा दुसरा कप मागितला.

“मग आजी, कोण राहील तिच्यासोबत?”

“आजी ऱ्हाईल की! त्यात इचारायचं काय?” जिंकलेल्या माणसाचं तोंड सैल सुटतं, तसं तिचं सुटलं.

मुबश्शिरानं घाईघाईनं उंबऱ्यावर एक म्हातारी काढली. पाठीत वाकलेली, गालफडं बसलेली.

“ही आजी हाय? ही तर मागून खाणारी दिसती!” साखराबाईनं कप खाली ठेवला. “पाठ सरळ कर तिची. कपाळाला गोंदण दे. हातात काठी दे. टेकायची नव्हं गं, हाणायची! आन् शेळी कुठं हाय? काळी शेळी काढ.” बोलता बोलता तिनं पदर सारखा केला, मान जराशी तिरपी केली आणि फोटोला बसावं तशी बसली. मुबश्शिरा एकदा तिच्याकडं बघे, एकदा कागदाकडं. पेन्सिल भराभरा चालू लागली.

“अगं बाई,” केसरबाई ओरडली, “ही तर आपली साखराबाईच!”

सगळ्याजणी हसल्या, टाळ्या पिटल्या. साखराबाई नव्या नवरीसारखी लाजली. आता गावोगावच्या भिंतींवर ती शेळीसकट झळकणार होती!

“आज्जे,” स्वप्नाली भिंतीजवळून म्हणाली, “मंग औंदा तू माझ्यासंगं ऱ्हाणार?”

सगळ्या माना साखराबाईकडं वळल्या. लग्न झाल्यापासून तिनं एकही हंगाम चुकवला नव्हता. उसाच्या पाचटावर पेटवलेली चूल, कारखान्यावरचा बाजार, टोळीतल्या बायकांची भांडणं. हंगामात गावात मागं उरतात ती म्हातारी आणि कुत्री. आपण त्यातल्या नाही, याचा तिला केवढा ताठा! आणि आता बसली होती उंबऱ्यावर, स्वतःच्याच तोंडानं सांगून. स्वप्नाली पापणी न हलवता तिच्याकडं बघत होती.

“ते खोडरबर दे इकडं,” साखराबाई म्हणाली.

मुबश्शिरानं नाइलाजानं दिलं. चांगली जमलेली म्हातारी जाणार म्हणून तिनं दुसरीकडं तोंड फिरवलं. साखराबाई कागदावर वाकली आणि खसाखसा घासू लागली. मग तिनं फुंकर मारली.

म्हातारी होती तिथंच होती. दाराचं कुलूप गेलं होतं.

“मी घरात आसल्यावर कुलूप कावून?” ती म्हणाली. “येडी कुठली.”

केसरबाईनं हळूच विचारलं, “आन् आयतवारचे पाव्हणे?”

साखराबाईनं चित्रातल्या म्हातारीच्या हातावर बोट ठेवलं.

“पोरी,” ती मुबश्शिराला म्हणाली, “तेवढी काठी जरा जाड कर.”