बेचाळिसावा वाडगा

हिरासेंनी चहाचा वाडगा पेटीतून काढून फुमिएबाईंसमोर ठेवला. पेटी नवी, झाकण कोरं. जपानातल्या मशिको गावात कुंभाराच्या नावाशिवाय पेटी म्हणजे नुसतं लाकूड, आणि पेटीशिवाय वाडगा म्हणजे नुसती माती. कुंभार हयात नसेल, तर झाकणावर त्याच्या बायकोनं लिहून द्यायचं.

हिरासे ज्यांचे वाडगे जमवत, त्या कुंभार कुझुमी सेन्सेईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोनं, म्हणजे फुमिएबाईंनी, हिरासेंना एक्केचाळीस झाकणं मुकाट्यानं लिहून दिली होती. हा बेचाळिसावा वाडगा, बहुधा बाजारात उरलेला शेवटचा. यापुढे इथं यायला निमित्त उरणार नाही, हे बसमध्येच हिरासेंच्या लक्षात आलं होतं.

नेहमीप्रमाणे त्यांनी बाईंना सेन्सेईंची कला समजावून सांगितली. वाडगा बुडाशी धरून झिलईत बुडवायचा. बोटं असतात तिथं झिलई लागत नाही, पाच डाग उरतात. इतर कुंभार ते बुजवतात, सेन्सेईंनी कधी बुजवले नाहीत. बाई "हो का?" म्हणत मुळ्याचं लोणचं पुढे सरकवत राहिल्या. भिंतीवरच्या फोटोत सेन्सेई अस्वलासारखे बसले होते, मांडीवर दोन पंजे ठेवून.

"किती नाजूक बोटं," हिरासे डागांकडे बघत म्हणाले. "कलावंताची."

बाईंनी फोटोकडे एकदा पाहिलं. "लोणचं घ्या."

एक गोष्ट मात्र हिरासेंनी कुणालाच सांगितली नव्हती. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी ते एक वाडगा हातात घेत, त्या पाच डागांवर आपली बोटं टेकवत आणि चहा निवेपर्यंत तसेच बसून राहत. घरात दुसरा हात नव्हता.

बाईंनी शाई उगाळली, कुंचला उचलला आणि परत खाली ठेवला.

"हे ह्यांचं काम नाही."

हिरासे पुढे सरकले. "फुमिएसान, नीट बघा. माझ्या एक्केचाळीस वाडग्यांवर आहेत तेच डाग हे. मी डोळे मिटून ओळखीन."

"तेच आहेत."

"मग?"

"एक्केचाळीसदा लिहिलं ह्यांचं नाव. आता कंटाळा आला हो, हिरासेसान."

बाईंनी बाही मागे सारली, वाडगा उलटा केला आणि झिलईत बुडवायला धरावा तसा बुडाशी धरला. पाचही बोटं पाच डागांवर जाऊन बसली, केसाइतकीही फट न ठेवता.