नावाड्याचा पुरावा

"महापुरात माणूस गमावलेल्या प्रत्येक घरापर्यंत सरकार पोहोचेल!" अशी मंत्र्यांनी गर्जना केली. सरकार निघालं, पण शाळेच्या एका वर्गापर्यंतच पोहोचलं आणि तिथे पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलं. लोक त्याला 'मदतवाले साहेब' म्हणत.

वाहून गेलेल्या नावाड्याची बायको रोज यायची आणि साहेब रोज तेच सांगायचे, "ताई, प्रेत मिळाल्याशिवाय मदत मंजूर होत नाही. नियमानं तुमचे यजमान अजून जिवंतच आहेत."

"जिवंत आहेत ना? मग तुम्हीच बोलावून घ्या की! घरात पोरं उपाशी आहेत."

वाटप बंद व्हायच्या दिवशी ती रिकाम्या हाती परतली, आणि भर दुपारी वर्गात गाळाचा वास पसरला. साहेबांनी मान वर केली. समोरच्या माणसाच्या अंगावरून पाणी निथळत होतं, पण खालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

"मी तिचा नवरा. प्रेत पाहिजे होतं ना, साहेब? घ्या, आलोय."

साहेबांनी मंजुरीची सही केली.



"मी येऊन गेलो, हे तेवढं तिला सांगू नका, साहेब. आत्ता कुठे ती रात्री दाराला कडी लावायला लागलीय."