माफीची कॉफी

आमच्या डेअरीचं दही खाऊन अबू मुफ्लेहच्या लेकीच्या लग्नातलं अख्खं वऱ्हाड आडवं झालं. अम्मानभर बोभाटा. जनसंपर्क प्रमुख राकानसाहेब म्हणाले, "नुसतं पत्रक काढून भागणार नाही. इथल्या रीतीनं टोळीच्या शेखसाहेबांना मध्यस्थ म्हणून घेऊन माफी मागायला जाऊ. कॅमेरेही नेऊ."

गेलो. कॉफी आली. शेखसाहेबांनी रीतीप्रमाणे कप न उष्टावता खाली ठेवला. "आधी माफी, मग कॉफी."

अबू मुफ्लेहनं विचारलं, "म्हणजे दही खराब होतं?"

"छे हो काका!" राकानसाहेब कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "दही एकदम शुद्ध. माझी पोरं रोज खातात. माफी तुम्हाला झालेल्या मनस्तापाची."

म्हातारा दाढी कुरवाळत बसला. "बरं, दिली माफी. प्या कॉफी." मग आत बघून ओरडला, "जेवण आणा रे!"

मन्साफचं भलंमोठं ताट आलं. भात, मटण आणि वर पांढराशुभ्र रस्सा.

"लाजू नका," म्हातारा म्हणाला. "तुमच्याच दह्यात शिजवलंय."

कॅमेरे चालूच होते. शेखसाहेबांनी जेवायला वर सारलेली बाही हळूच खाली ओढली.

म्हाताऱ्यानं ताट पुढे सरकवलं. "राकान बेटा, पहिला घास तुझा. तुझी पोरं रोज खातात ना!"