मराठीसाठी एक दाबा

"मराठीसाठी एक दाबा," फोन म्हणाला आणि गेणबानं एकावर अंगठा असा रेटला, की काउंटरवरची पोरगी धास्तावली.

"हळू आजोबा, मोबाईल आहे तो."

मोबाईल गाईड ही २०१० सालची नवी टूम होती. मुळशीच्या डोंगरात नवंकोरं शहर उभं राहिलं होतं. त्यात पाहुणे हरवू नयेत म्हणून फाटकावर असा फोन भाड्यानं मिळायचा. कानात वायर घालायची, तो सांगेल तिकडं वळायचं आणि तो सांगेल त्याचं कौतुक करायचं. शहराखालच्या जमिनीतला चांगला मोठा तुकडा काही वर्षांमागं गेणबाचाच होता. तरी त्यानं ऐटीत भाडं भरलं. आता तो पुण्याजवळच्या भुकूमचा बंगलेवाला होता, आणि बंगलेवाल्यांना फुकटचं काही चालत नाही.

सोबत बायको होती, धोंडाबाई. जमीन विकताना तिनं संमतीचा अंगठा दिला होता आणि त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. भांडली असती तर गेणबाला बरं वाटलं असतं. त्यानं बंगला बांधला, वरच्या खोल्या आयटीवाल्या पोरांना भाड्यानं दिल्या, तिच्या गळ्यात चपलाहार घातला, पण बाई हूं की चूं करीना. "बरं केलंत" एवढंच तिच्या तोंडून ऐकायला त्याचा जीव तुटत होता. जमिनीचा दलाल नथू शपथेवर म्हणाला होता, फोनमध्ये सगळा इतिहास घातलाय, गावाचं नाव, घराण्यांची नावं, सगळं. ते ऐकून तरी ही विरघळेल, या आशेनं तो तिला घेऊन आला होता.

फोन म्हणाला, डावीकडे वळा. गेणबा उजवीकडे वळला, कारण त्याचं जुनं घर उजवीकडे होतं. तिथं आइस्क्रीमचं दुकान निघालं.

"आपण मार्ग सोडला आहे," फोन अदबीनं म्हणाला.

विहिरीच्या जागी कारंजं उडत होतं. गोठा कुठं होता, ते तर काही केल्या उमगेना. ज्या रानात तो अंधारातही बिनघोर फिरला होता, तिथं आता त्याला फोनशिवाय मुतारी सापडत नव्हती. हे अर्थातच त्यानं बायकोला कळू दिलं नाही.

"बघ, कसं नटवलंय आपलं रान," तो म्हणाला.

धोंडाबाईनं पदर सावरला.

तळ्याकाठी इतिहासाची पाटी आली. गेणबानं तिच्यावरचा आकडा फोनवर दाबला. वायरीचं एक टोक आपल्या कानात ठेवलं, दुसरं धोंडाबाईच्या कानात घातलं. दोघं डोक्याला डोकं लावून उभी राहिली. इतकी जवळ ती कित्येक दिवसांत आली नव्हती.

"आता ऐक. आपलं नाव येतंय बघ."

फोनमधल्या बाईचा गोड आवाज बोलू लागला, "आपलं स्वागत असो. या निसर्गरम्य खोऱ्यात पूर्वी मनुष्यवस्ती नव्हती."

गेणबा भडकला. "साफ खोटं. चल हापिसात, जाब इचारतो त्यास्नी. आमी काय मानसं नव्हतो व्हय?"

धोंडाबाईनं कानातली वायर काढून त्याच्या हातात दिली.

"कशापायी भांडताय? बरुबर बोलतीया ती," ती म्हणाली. "हितं मानसं असती, तर इकलं असतं व्हय?"