एका कागदात आठ पानं

"एका कागदावर एकच पान काढा, काका," मनिषा म्हणाली.

भुजंगने चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. पाथरीच्या बसस्टँडमागे त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि पोरांचे पैसे वाचवणं हा त्याचा जुना नाद होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या नोट्स मनिषाच्या मैत्रिणीने, राजेश्रीने, आपल्या मोबाइलवरून दुकानाच्या नंबरवर पाठवल्या होत्या. मनिषाच्या घरी बटणांचा फोन. भुजंगने फाइल उघडली तर पानंच पानं. एवढं सगळं सुटं सुटं छापायचं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

"पैसे काय झाडाला लागायलेत का?" तो म्हणाला. "म्होरल्या बाजूला चार, पाठीमागं चार. आठ पानं एका कागदात बसवतो बघ."

मनिषा काहीतरी सांगायला पुढे झाली. पण बाकावर बसलेली कॉलेजची पोरं हसली, ती गप्प झाली आणि तोवर भुजंगने बटण दाबलंही होतं. तिथे क्षणभर थांबून तिचं ऐकून घ्यायला हवं होतं, असं पुढे त्याला किती वेळा वाटलं. तेव्हा मात्र तो खुशीत होता. दर आणखी उतरावा म्हणून शाईसुद्धा त्याने फिकी ठेवली. निघालेला गठ्ठा एवढासा होता. तो तिच्या हातात देताना त्याला इतकं बरं वाटलं, की पिनाही त्याने फुकटात मारून दिल्या.

मनिषाचा बाप सिताराम दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा. त्याने पोरीला सांगून ठेवलं होतं, यंदा पास झालीस तर पुढे शिक, नाहीतर दसऱ्यानंतर आमच्याबरोबर फडात चल. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला तेव्हा त्यानेच हे भुजंगला सांगितलं होतं. त्यामुळे ही पोरगी पास व्हावी, असं भुजंगला अगदी मनापासून वाटायचं. पुढच्या विषयाच्या नोट्स घ्यायला ती आली, की ती तोंड उघडायच्या आत तो आठ पानांचा एक कागद करून मोकळा व्हायचा. एकदा ती दारातल्या उजेडात कागद नाकाशी धरून उभी होती. भुजंगने बाकावरच्या पोरांना सुनावलं, बघा लेको, अभ्यास याला म्हणतात.

निकाल लागला आणि मनिषा नापास झाली. एका विषयात नाही, बहुतेक सगळ्यांत.

दसरा उलटल्यावर ती दुकानात आली. रस्त्याच्या कडेला टोळीचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, गाठोडी आणि त्यांवर बसलेल्या बाया. सिताराम ड्रायव्हरशी बोलत होता. मनिषाने पिशवीतून सगळे गठ्ठे काढून काउंटरवर ठेवले. मला आता लागायचे नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाली.

भुजंगने पानं चाळली. एकाही ओळीखाली रेघ नव्हती, समासात पेनाची खूण नव्हती. आधी त्याला वाईट वाटलं, मग त्या वाईट वाटण्याचाच राग झाला. आपण हिच्यासाठी एवढा जीव टाकला आणि हिने धड उघडूनही पाहिलं नाही. तो बोलत सुटला. बापाचे कष्ट काढले, स्वतःचे उपकारही काढले.

"यातली एक तरी ओळ वाचलीस का?" शेवटी त्याने वरचाच कागद तिच्यापुढे धरला. "हं, वाच. कुठलीबी वाच."

मनिषाने कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग दारात उजेडाला गेली. तिचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. डोळे ताणून ताणून त्यांतून पाणी यायला लागलं, तशी तिने ओढणीच्या टोकाने ते पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

भुजंगने कागद तिच्या हातून काढून घेतला. स्वतःचा चष्मा उतरवून त्याने त्याकडे पाहिलं. पांढऱ्यावर नुसत्या मुंग्या.

तुला चष्मा का नाही, असं त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज पार खाली आला होता. पोरीला चष्मा लागला म्हटलं की स्थळं येत नाहीत, म्हणून घरात ते नावसुद्धा काढायचं नाही, असं तिने हळूच सांगितलं. मोठं अक्षर असलं, की जमायचं तिला. गेल्या वर्षापर्यंत पुस्तकांवरच भागलं होतं.

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. सितारामने हाक मारली. मनिषाने रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली.

"मग मला बोलली का न्हाईस, बाई?"

"पयल्याच दिवशी बोलणार होते, काका," मनिषा म्हणाली. "पण तुमी माझे पैसे वाचवायलात आन् किती खूश हायत, ते बघून बोलवलं न्हाई."