रविवारची सोबत

"अहो अण्णा, गिग म्हणजे नोकरी नाही. ॲपवर काम येतं, दोन तास जायचं, उरकलं की घरी," मी वडिलांना फोनवर समजावलं.

"म्हणजे तू माझ्याकडे येतोस तसं!" ते हसले.

टोमणा जिव्हारी लागला. पण दर रविवारी जायला सवड कुठे होती? मग अशाच एका ॲपवर मीच काम टाकलं: 'एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रविवारी दुपारी सोबत हवी. गप्पा मारायच्या, बुद्धिबळ खेळायचं.'

कुणीतरी ते लगेच घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अण्णांचाच फोन आला.



"अरे, मला पहिलं गिग मिळालं! आपल्याच भागात कुणी म्हातारा आहे. मूलबाळ नसावं बिचाऱ्याला."